श्वासाची जागा

काल मुलाने माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर चालू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. त्या वासासरशी मी नव्वदीच्या सुरुवातीच्या साताऱ्यातल्या कॉम्प्युटर क्लासात जाऊन बसले.

माझे वडील, दादा, लोणंदच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दम्याने फुंकणं सुटलं, तेव्हापासून घरात गाण्याचं नाव निघत नव्हतं. क्लासात मला कळलं की ठरावीक आकडे टाइप केले की कॉम्प्युटरमधला छोटा स्पीकर सूर काढतो. महिनाभर खपून मी दादांची वरातीतली आवडती चाल आकड्यांत बसवली आणि एका दुपारी त्यांना क्लासात घेऊन आले.

चाल वाजली. आवाज बारीक, खेळण्यातल्या पिपाणीसारखा. दादा डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "सूर बराबर हायेत, पोरी. पर ह्यो श्वास कवा घेतो?"

मी हिरमुसले. "आवं दादा, मशीनला कुठला श्वास?"

"ऐकणाऱ्याला लागतो की!"

मग त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मी चाल पुन्हा पुन्हा वाजवायची. जिथे ते पूर्वी दम घ्यायचे तिथे ते बोट वर करायचे, आणि मी तिथे क्षणभराची शांतता टाइप करायची. शेवटी वाजवलं तेव्हा त्यांची बोटं मांडीवर, नसलेल्या क्लॅरिनेटवर हलत होती.

त्यांची चाल मी त्यांना परत दिली, असं तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, देणारे तेच होते. स्वतःला पुरत नसलेला श्वास त्यांनी माझ्या सुरांना दिला.