विहिरीतलं मॉलिब्डेनम

आपल्याकडच्या काळ्या पाषाणात मॉलिब्डेनम सापडत नाही, हे मी त्या काळात इतक्यांदा सांगितलं की माझा मलाच कंटाळा आला. महायुद्ध चालू होतं. तोफांचं पोलाद कणखर करायला हा धातू लागायचा. मी हैदराबादेत एका सरकारी कचेरीत भूगर्भाच्या कामावर नुकताच लागलो होतो. तेवढ्यात भूमच्या तहसीलदारांकडून एक दगड आला. पांढऱ्या गारेत शिशासारखे करडे पापुद्रे, बोटाला तेलकट लागणारे. फुटक्या कपाच्या झिलईवर घासला, तर हिरवट रेघ उमटली. खनिज अस्सल होतं.

शंका होती ती पत्त्याची. असा दगड ग्रॅनाइटच्या मुलखात निघतो. भूमला वर मुरूम, खाली काळा पाषाण, त्याखाली मांजऱ्या, म्हणजे पाणी धरणारा मऊ, सच्छिद्र खडक, आणि पुन्हा पाषाण. मी तसं साहेबांना सांगितलं. साहेब वयानं मोठे, अदबशीर आणि विलक्षण हट्टी.

"बरखुरदार," ते म्हणाले, "नमुना झूटा है क्या?"

"नमुना खरा आहे, साहेब. जागा खोटी आहे."

"तो चलो, जागा देखेंगे."

येडशीपर्यंत छोटी रेल्वे, पुढं बैलगाडी. विहीर एका विधवा पाटलीणबाईंची होती. बाई स्वतः शेत बघायच्या, बोलायला रोखठोक. विहीर उन्हाळ्यात कोरडी पडायची. गाळ काढताना हा दगड हाती आला आणि ओट्यावर ठेवलेला तहसीलदारांनी पाहिला, एवढीच हकीकत.

"नक्की याच विहिरीत सापडला?" मी विचारलं.

"व्हय. म्या सोता उचलला."

"दुसरीकडून आणलेला नाही ना?"

"आता कुठून आणू? इहिरीतून आणला की!"

साहेबांनी माझ्याकडं विजयी मुद्रेनं पाहिलं आणि विहिरीचा तळ फोडायचा हुकूम दिला. वडार बोलावले. युद्धामुळं सुरुंगाची दारू मिळेना, म्हणून सगळं काम पहारीनं आणि घणानं. उन्हानं पाषाण तापायचा, माणसं घामानं निथळायची, आणि वर यायची ती साधी गारगोटी नाहीतर कॅल्साइटचे खडे. प्रत्येक चकचकीत खडा साहेब रुमालात गुंडाळून माझ्यासमोर धरायचे. मी मान हलवायचो. ते उसासा टाकून म्हणायचे, "और नीचे."

एके दिवशी दुपारी बाईंनी आम्हाला भाकरी आणि ठेचा वाढला. मी वैतागलेलोच होतो. सहज म्हणालो, "बाई, हा दगड तुमच्या विहिरीत आला तरी कसा, देवालाच ठाऊक."

"देवाला कशाला? माझ्या पोरीनं टाकला."

माझा घास हातातच राहिला. बाईंचा भाऊ रायचूरकडं गुत्तेदाराच्या हाताखाली दगड फोडायचा. चमकतो म्हणून त्यानं तिथला हा दगड भाचीला खेळायला आणून दिला होता. खेळता खेळता पोरीच्या हातून तो विहिरीत पडला.

"मग हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं, कुठं घावला. म्या सांगितलं. तिथं कसा गेला, ते कुणी इचारलं का?"

त्यांचा चेहरा अगदी निष्पाप होता. मला हसावं की डोकं आपटावं कळेना.

मी धावत साहेबांकडं गेलो. म्हणालो, आता रायचूरला जाऊ, बाईंच्या भावाला गाठू, खाण बघू. तो ग्रॅनाइटचा मुलूख, खरं मॉलिब्डेनम तिथंच असणार. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"रायचूर हमारे इलाके में नहीं," ते म्हणाले. "और भूमचा रिपोर्ट तो वर गेला. आता काय लिहू? एका पोरीनं दगड टाकला?"

"तेच लिहा, साहेब! खरं तेच आहे."

"नक्को," म्हणून त्यांनी टोपी घातली आणि विहिरीकडं गेले.

खोदकाम चालूच राहिलं. मीही तिथंच, खडे तपासत. शेवटी पाषाणाचा थर फुटला, मांजऱ्या लागला आणि पाणी उसळलं. वडार ओरडत, हसत वर आले. उपसायला इंजिन नव्हतं. साहेबांनी लिहून टाकलं : पाण्यामुळं काम थांबवावं लागलं, खनिजाची शक्यता नाकारता येत नाही. बाईंनी त्या पाण्यावर कांदा केला आणि आमच्या नावानं नारळ फोडला.

पुढं निजामी गेली, साहेब निवृत्त होऊन वारले, मीही नोकरीत म्हातारा झालो. रायचूरला जायची परवानगी मी तीनदा मागितली, कुणी दिली नाही. मग एक दिवस एक नवा अधिकारी साहेबांचा जुना रिपोर्ट घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. हुशार, उत्साही मुलगा.

"सर, भूमला मॉलिब्डेनमचं काम अर्धवट राहिलंय ना?"

मी त्याला सगळं सांगितलं. पाषाण, पोर, मामा, पाणी, सगळं. त्यानं मान डोलावत ऐकलं.

"बरोबर आहे, सर. पण शक्यता नाकारलेली नाही ना? एकदा बघून येतो."

बाईंचा भाऊ तोवर वारला होता. तो नेमका कुठं दगड फोडायचा, ते त्याच्या घरातही कुणाला सांगता येईना. नवा अधिकारी मात्र पुढच्याच आठवड्यात भूमला गेला.