मावशीचं ऊन

माझी मावशी दवाखान्यांच्या चादरी धुते. काका गेल्यापासून घर चाललंय ते मागच्या अंगणातल्या दोऱ्यांवर आणि त्या दोऱ्यांवर पडणाऱ्या उन्हावर. चादर जरा दमट राहिली की दवाखाना सरळ परत पाठवतो.

हे तिच्या मुलांना चांगलं ठाऊक आहे. त्याच चादरींवर दोघं शिकले. तरी रविवारी अंगणाच्या मधोमध उभे राहून त्यांची चर्चा चाललेली, इथे झाड कुठलं लावायचं.

"जांभूळ," थोरला म्हणाला. "बारा महिने गर्द सावली, वर फळं."

"आणि खाली जांभळा चिखल. कडुनिंब लाव. हवा खेळती राहते."

"निंबोळ्या काय वरच राहतात? त्याही चिकट."

"डाग तरी पडत नाहीत एवढे."

"पडू देत ना. आई धुतेच की रोज."

माझं डोकंच सणकलं. कुठलं झाड यावर घसा कोरडा करतील, पण इथे लावायचं का, हे तिला विचारायला जीभ वळत नाही.

मावशी ओल्या चादरींची बादली घेऊन मागेच उभी होती.

"तू जांभूळ ना? हात पसर," ती थोरल्याला म्हणाली. "आणि निंबोबा, तुम्हीही."

थट्टा समजून दोघांनी हात पसरले. तिने दोघांच्या हातांवर एकेक चादर वाळत घातली. पायांवर पाणी ठिबकू लागलं.

"आई, किती वेळ?"

"वाळेपर्यंत. इथे झाड आलं की दोऱ्यांचं काम तुम्हालाच करायचंय. सवय करा."

"अगं, पण दुपारी घर तापतं त्याचं काय?" धाकटा कुरकुरला.

"तापतं ते पुढच्या बाजूने. तिथे लावा."

पुढे थोरल्याची नवी गाडी उभी असते. तो पटकन बोलून गेला, "तिथे जांभूळ नको हं, गाडीचा रंग खराब होईल."

मावशीने त्याच्या हातावरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "चादरीवरचा डाग आई धुते. गाडीवरचा पडताच कामा नये. छान."

दुसऱ्या दिवशी तो गाडी घेऊन कामावर गेला, तशी तिने कुदळ काढली. माती मी उपसली. संध्याकाळी फाटकाशी हॉर्न वाजत राहिला. गाडीच्या जागी काठीला बांधलेलं कडुनिंबाचं रोप उभं होतं.

मावशी आत चादरींच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "रस्त्यावर लाव म्हणावं."