समोरच्या दारावरची पोरगी

विमानात बसायची माझी अजून हिंमत झाली नाही, आणि नेमकी माझीच पोरगी हवाई सुंदरी झाली. तिला तो शब्द अजिबात आवडत नाही. "आई, क्रू म्हण. आम्ही दिसायला नसतो, वेळ आली तर माणसं बाहेर काढायला असतो," म्हणते. बरं बाई, क्रू. पण सोलापुरातल्या आमच्या गल्लीला हे कोण सांगणार? त्यांना वाटतं, पोरगी ढगात बसून नोटा छापते.

कसल्या नोटा न् कसलं काय! विमान जागचं हललं की तिचा पगार सुरू, थांबलं की बंद. माणसं चढवा, त्यांच्या बॅगा वर कोंबा, उशीर झाला म्हणून त्यांच्या शिव्या खा, ते सगळं फुकट. मी घरी चादरींच्या कडा शिवते, नगावर. वीज गेली की मशीनपुढं नुसती बसून राहते, त्याचं मला कुणी काही देत नाही. म्हणून तिच्या युनियनचं म्हणणं मला लगेच पटलं. जमिनीवरच्या कामाचे पैसे द्या आणि दोन ड्युट्यांच्या मध्ये माणसाला झोपू द्या, एवढंच तर मागत होते. पटलं खरं, पण त्यात माझ्या लेकीनं पुढं पुढं करू नये असंही वाटायचं. बाकीच्यांच्या पोरी आहेत की!

एक दिवस ती न कळवता घरी आली. शेंगाचटणी पुढं ठेवली तर भाकरीचा तुकडा मोडून नुसतीच बसली. मला धडकीच भरली. खोदखोदून विचारल्यावर रडत रडत बोलली.

विमानाच्या दाराला घसरगुंडी असते म्हणे. संकट आलं की दार उघडायचं, घसरगुंडी फुगून बाहेर पडते आणि माणसं त्यावरून उतरतात. उडायच्या आधी ती तयार ठेवायची आणि उतरल्यावर, दार उघडायच्या आधी, आठवणीनं बंद करायची. विसरलं तर खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून समोरासमोरच्या दारांवर दोघी असतात. आपलं झालं की दुसरीचं दार डोळ्यांनी बघायचं आणि 'क्रॉसचेक' म्हणायचं. त्या दिवशी हिच्या समोरची पोरगी बंद करायचं विसरली. दार उघडलं आणि घसरगुंडी धाडकन बाहेर. सामान उतरवणारा एक जण नुकताच तिथून बाजूला झाला होता, म्हणून वाचला. कंपनीनं त्या पोरीला घरी बसवलं आणि चौकशी लावली.

"मग तू का रडतीस?" मी म्हटलं. "चूक तर तिची."

"आई, क्रॉसचेक मी म्हणाले होते. बघितलंच नव्हतं. तोंडातून आपोआप निघालं. दोघींची झोप झाली नव्हती, एकामागून एक विमानं लावलेली. मला अजून कुणी विचारलेलं नाही. पण युनियन म्हणते, तू सांगितलंस तर ही एका पोरीची चूक नाही, ड्युट्या लावणाऱ्यांची आहे, हे दाखवता येईल."

मी अशी भडकले! "विचारलं नाही ना कुणी? मग तोंडाला कुलूप लाव. नोकरी गेली तर युनियन घालणार आहे का जेवायला? आणि लग्नाचं काय?"

आमचे हे कॉटवर पडून ऐकत होते. यांनी सगळी उमर पुण्याच्या लक्झरी गाड्या चालवल्या, आता डोळ्यांमुळं घरी असतात. उठून बसले आणि मला म्हणाले, "मी गाडीवर असताना तू फोन कशाला करायचीस गं?"

कशाला ते यांनाही ठाऊक होतं. दुपारच्या उन्हात टेंभुर्णीच्या आसपास यांना डुलकी यायची. म्हणून मी त्याच वेळेला फोन करायची. क्लीनर यांच्या कानाला फोन लावून धरायचा. कुठं पोचलात, जेवलात का, असलंच काहीबाही विचारत राहायची. विषय संपला तरी सोडायची नाही.

"हिला तू वर कुटं फोन करणार हायस?" हे म्हणाले. "तितं हिच्याजवळ फकस्त समोरच्या दारावरची पोरगी हाय. दोघींनाबी डुलकी लागली. आता त्या एकटीला घालवली, की तिच्या जागी दुसरी येईल. तीबी तशीच दमलेली."

मला लई राग आला यांचा. रागात बादलीभर धुणं आपटलं. पण डोळ्यांपुढून ती दोन दारं काही हलेनात. दोरीवर शेवटचा टॉवेल टाकून आत आले आणि लेकीला म्हटलं, "सांग. पण सगळं सांग, अर्धवट नको."

चौकशीला ती आतल्या खोलीतूनच लॅपटॉपवर बसली. मी मशीन बंद करून दाराबाहेर बसले, तोंडात पदर धरून. तिचा आवाज आधी कापला, मग नीट आला. "क्रॉसचेक मी म्हणाले. मी बघितलं नव्हतं. उभ्या उभ्या डोळे मिटत होते." मला वाटलं, गेली नोकरी.

तिच्या सांगण्यानं ती समोरची पोरगी कामावर परत आली. माझ्या लेकीला मात्र उडायचं बंद ठेवलंय, निर्णय व्हायचाय. उडणं नाही म्हणजे पगार जवळजवळ नाहीच. युनियन भांडतीय. लेक रोज मोबाइलवर ड्युटी आली का बघते, आणि मी तिचं तोंड बघते. गल्लीतल्या बायका विचारतात, "अजून सुट्टी संपली न्हाय व्हय?" त्यांना काय सांगू, कपाळ!

परवा दुपारी लेक झोपली होती आणि तिचा फोन वाजला. समोरच्या दारावरची पोरगी होती. पहिलीच ड्युटी संपवून विमानतळाबाहेर गाडीची वाट बघत होती. मी आई बोलतेय म्हटल्यावर तिला रडूच फुटलं. "काकू, माझ्यामुळं," एवढंच म्हणाली.

तिच्यावरचा राग माझ्या मनात होता, खोटं कशाला बोलू. पण तिचा आवाज झोपेनं पार जड झाला होता.

"ते राहू दे," मी म्हटलं. "जेवलीस का? गाडी कुठं पोचली तुझी? मी आहे फोनवर, बोलत राहा."