गणपतीची मोटर आणि गळाची काठी

धुळीशी माझं जुनं भांडण आहे, आणि आमच्या तापीकाठच्या गावात राहून धुळीशी भांडणं म्हणजे सासरी राहून सासूशी भांडण्यासारखंच आहे. जिंकायचं नसतं, टिकायचं असतं.

मी मासे धरायच्या काठ्या बनवते. शुद्ध शाकाहारी घरात, जिथे अंड्याचं नाव काढलं तरी आमच्या सासूबाई हात धुवून येतात. शिवणकामाचा हात होता, एकदा यांच्या एका मित्राच्या विलायती काठीची कडी निखळली, ती मी दोऱ्याने बांधून दिली, आणि तिथून हे खूळ लागलं. आता सुरतेपर्यंतचे शौकीन लोक फोन करून काठ्या मागवतात. पोकळ काठीवर गळाची दोरी ओवायच्या कड्या ठेवायच्या, रेशमासारख्या बारीक दोऱ्याचे वेढे एकाला एक चिकटून घ्यायचे, मग त्यावर एपॉक्सीचा, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक राळेचा लेप द्यायचा. लेप अर्धा दिवस ओला राहतो. ओघळू नये म्हणून तेवढा वेळ काठी आडवी ठेवून संथ फिरवावी लागते. त्या अर्ध्या दिवसात हवेतलं काहीही त्यावर बसलं की कायमचं आत अडकलं.

फिरवायला मोटर मी घरातूनच मिळवली. आमच्या गणपतीच्या मागे दिव्यांचं चक्र फिरतं ना, त्याची. गणपती वर्षातले थोडेच दिवस येतो, बाकी वर्षभर ती मोटर माळ्यावर लोळत पडायची. सासूबाईंनी ती दिली खरी, पण उसनी म्हणून, आणि तसं रोज ऐकवून.

मासे धरून हे लोक परत पाण्यात सोडतात, हे मी त्यांना किती वेळा समजावलं. त्यांचं एकच उत्तर.

"सोडीच देनं शे तं धरस कसाले?"

मी पुढचा वेढा घ्यायला लागते.

गेल्या हिवाळ्यात सुरतेच्या एका गिऱ्हाइकाने काठी परत पाठवली. निळ्या दोऱ्यावर, लेपाच्या आत, कापसाचा एक तंतू होता. पापणीच्या केसाएवढा. माणूस भिंग लावून काठी बघतो, त्याला काय करणार! मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवण गेलं नाही. हे म्हणाले, मासा काय भिंग लावून बघतो का. मी यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. सासूबाई मात्र बोलल्या.

"आते ही काठी परत उनी ना, तं मन्हा गणपतीनी मोटर गणपतीले."

म्हणजे धंदा बंद. त्या बोलतात ते करतात, हे गावाला माहीत आहे. आणि मला हे काम सोडायचं नव्हतं. या घरात स्वयंपाकापासून शेतापर्यंत सगळं सगळ्यांचं आहे. हे एकच काम माझं एकटीचं आहे.

सगळी जुनी बांधणी सोडून मी ती काठी नव्याने बांधायला घेतली. लाल दोरा, कडेला सोनेरी रेघ. गिऱ्हाईक एका लग्नाला नंदुरबारला येणार होतं, जाता जाता स्वतः काठी बघून नेणार होतं. आणि वेळ कोणती? कापूस वेचणीची. पुढची खोली छतापर्यंत कापसाने भरलेली, माणसं शिंकली तरी तंतू उडत होते. मागच्या अंगणात मिरच्या पसरलेल्या. माळ्यावर उंदीर. धान्याच्या खोलीत धान्याची धूळ. घरभर फिरून मी शेवटी एका दाराशी थांबले.

देवघर.

खिडकी नाही, पंखा नाही, फरशी रोज सासूबाई स्वतः पुसतात. अंघोळ केल्याशिवाय कुणी आत जायचं नाही, चपला लांब, बडबड नाही, फालतू ये-जा नाही. लेपाला जे जे लागतं, ते सगळे नियम सासूबाईंनी मी लग्न होऊन यायच्या आधीच करून ठेवले होते! फक्त मासे धरायची काठी देवाशेजारी ठेवू देतील, हे शक्य नव्हतं. म्हणून मी सरळ थाप मारली.

"मन्हा माहेरना मंदिरना ध्वजनी काठी शे, आई. रंग सुकाडना शे."

त्यांनी काठी वरपासून खालच्या बुचाच्या मुठीपर्यंत न्याहाळली. "आनि या कड्या?"

"दोरी ओवाले."

"बरं," त्या म्हणाल्या. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं.

उदबत्तीची राख उडते म्हणून त्या दिवशी उदबत्तीही राहू द्या म्हटलं. "देवले काय सांगू?" त्यांनी विचारलं. एक दिवस सुट्टी सांगा, म्हटलं. तेही ऐकलं. एवढं सगळं सहज होतंय याचा तेव्हाच संशय यायला हवा होता.

सकाळी डोक्यावरून अंघोळ केली, केस ओलेच घट्ट बांधले. सुती कपड्याचे तंतू गळतात म्हणून लग्नातली जॉर्जेटची साडी नेसले, दुसरी साडी काठीभोवती पडद्यासारखी लावली. फरशीवर पाण्याचा हलका हात मारला. लेप दिला, मोटर चालू केली, आणि काठी देवांसमोर आरामात गिरक्या घेऊ लागली. लेपात एक कण नव्हता. मी दार ओढून बाहेर तुरीच्या शेंगा सोलत राखण करत बसले. धानोऱ्याहून कापसाचा टेम्पो आला तेव्हा तेवढी उठले, कारण यांनी हाका मारून मारून गल्ली गोळा केली होती.

परत आले, दार उघडलं, आणि आधी काठीवर वाकले. मुठीच्या वरच, लाल-सोनेरी दोऱ्यावर, ओल्या लेपात, हळदीकुंकवाचा ठिपका. कुंकवाचं बोट टेकलं तेव्हाही काठी फिरत होती, त्यामुळे त्याला छोटंसं शेपूट आलं होतं. पुसायला जावं तर अर्धवट आळलेला लेप आणखी फासला जाणार. नवीन बांधायला वेळ नाही. गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी दारात.

मी आधी यांच्यावर ओरडले, कारण ते जवळ होते. मग शेजारच्या काकूंना गाठलं. देवघरात काही नवं दिसलं की त्यांचा हात आपोआप कुंकवाच्या करंड्याकडे जातो. "मी तं आज उंबराबी नही वलांडा, माय!" त्या शपथेवर म्हणाल्या. गावभर बायकांची बोटं तपासत फिरायचं तेवढं बाकी राहिलं. सासूबाई अंगणात मिरच्या उलथत होत्या. मी त्यांना विचारलंच नाही. ध्वजाची काठी म्हटल्यावर कुंकू का लावलं, असं कुठल्या तोंडाने विचारणार होते?

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आलं. पाणी प्यायलं, चष्मा बदलला, खिशातून भिंग काढलं. काठी टोकाकडून बघत बघत मुठीपाशी आलं आणि थांबलं. हे काय आहे, त्यांनी विचारलं.

"कुंकू शे," सासूबाई दारातून म्हणाल्या. "मी लावं."

"आई, तुम्ही? ती तं ध्वजनी..."

"ध्वजले कोनी बूचनी मूठ लावस का? माले तवयच समजी गयथं."

"मंग कुंकू कसाले लावं?"

"ट्रॅक्टर उनं तवय लावं. तुन्हं शिलाई मशीन उनं तवय लावं. तुन्हा हातनं काम घरमाईन बाहेर जाई ऱ्हायनं, ते का बिनाकुंकवानं धाडू?"

मला रडू आलं. गिऱ्हाइकासमोर, जॉर्जेट बिर्जेट काही नाही, रोजच्या साडीत, नाक पुसत रडले. गिऱ्हाइकाने भिंग मिटलं. ठिपका बरोबर अंगठ्याखाली येतोय, राहू द्या, एवढंच म्हणाले, आणि काठी घेऊन गेले. परत काही आली नाही.

आता मी कुंकू आधी लावून घेते, लेप मागून देते. देवघर मात्र सणवार सोडूनच मिळतं, आणि उदबत्तीची सुट्टी तर पुन्हा कधीच नाही.

यंदा गणपती बसले त्या दिवशी दोन काठ्या ओल्या होत्या. मी मोटर काढून चक्राला लावायला उठले, तर सासूबाईंनी हातानेच बस म्हणून खुणावलं. संध्याकाळी आरतीला बायका जमल्या. देवामागचं चक्र जागच्या जागी उभं होतं. काकूंनी विचारलं, यंदा चक्र का नही फिरत?

सासूबाई वात सारखी करत म्हणाल्या, "मोटर कामले गयी शे."