नॉर्मल रिपोर्टचे पेढे

टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता आणि पेशंट रडत होती.

बॉक्स तिच्या नवऱ्याने आणला होता. संजय सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बायकोचा सीटी स्कॅन नॉर्मल आला म्हणून शिफ्ट सुटल्यावर तिला घेऊन थेट माझ्या क्लिनिकला आला. "मॅडम, सगळं क्लिअर! कॅन्सर नाही, काही नाही. घ्या, तोंड गोड करा." शेजारच्या खुर्चीत वंदना ओढणी तोंडाला लावून हुंदके देत होती. मी अर्धा पेढा हातात धरून दोघांकडे आळीपाळीने बघत बसले. वाईट रिपोर्ट कसा सांगावा हे आम्हाला शिकवतात. चांगल्या रिपोर्टवर रडणाऱ्या माणसाचं काय करावं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

"आता घरी काय सांगू?" ती म्हणाली. "आई म्हणणारच, बघ, नाटकं होती सगळी."

आई म्हणजे सासूबाई, मूळच्या नामपूरच्या, बोलणं अजून अहिराणी. त्यांच्या मते आजारी माणसाला ताप येतो, उलटी होते, नाहीतर टाके पडतात. वंदनाला यातलं काहीच नव्हतं. दोन वर्षं ओटीपोटात दुखत होतं, एवढंच. सोनोग्राफी झाली, दुर्बीण झाली, रक्त तर कितीदा तपासलं. प्रत्येक रिपोर्ट चांगला यायचा आणि प्रत्येक चांगल्या रिपोर्टनंतर घरात तिची किंमत थोडी उतरायची.

"आणि मॅडम, टेन्शन घेता का, हे तेवढं विचारू नका."

तिचं बरोबर होतं. आमच्या धंद्यात 'टेन्शन' हा शब्द 'मला काही सापडलं नाही, आता उठा' हे सभ्यपणे सांगायला वापरतात.

"तसं आमचं ठरलंय," ती डोळे पुसत म्हणाली. "सोमवारी ऑपरेशन. पिशवी काढायची."

"गर्भपिशवी? कुणी सांगितलं?"

"गावाकडच्या एका डॉक्टरांनी. जराशी जाड आहे म्हणाले. काढून टाकू, कटकट नको."

"त्याने दुखणं थांबेल म्हणाले?"

"बघू म्हणाले." तिने मान खाली घातली. "पण टाके तर दिसतील ना मॅडम."

अडतिशीची बाई एक धडधाकट अवयव द्यायला निघाली होती, का, तर घरात पुरावा हवा. मला रागच आला. सासूचा आला, त्या डॉक्टरांचा आला आणि सगळ्यात जास्त त्या पेढ्यांचा आला.

मी तिला आत नेऊन पहिल्यापासून तपासलं. अशा पेशंटला बहुतेकदा मशीनच लागलेलं असतं, डॉक्टरचा हात लागून बरेच दिवस झालेले असतात. वजन उतरलेलं नव्हतं. ताप नाही, पाळी व्यवस्थित, दुखण्याने झोपमोड होत नव्हती. म्हणजे धोक्याची खूण कुठलीच नव्हती. पण पोटावर हात ठेवला की ती कळवळत होती, आणि ते कळवळणं खरं होतं. अशी दुखणी आम्ही रोज बघतो. अवयव ठीक असतो, पण तिथून मेंदूला जाणारी खबर वाढीव पोचते. ती कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाही.

हे समजवायचं कसं? बाहेर येऊन मी संजयकडे वळले.

"तुमच्याकडे मशीन नीट असताना अलार्म वाजतो का कधी?"

"कधी काय, रोज! सेन्सर जास्त सेन्सिटिव्ह झाला, की माशी बसली तरी बोंबलतो."

"मग काय करता? मोटर काढून टाकता?"

तो हसला. "मोटर कशाला? मोटर काढली तरी तो वाजणारच. सेन्सर सेट करायचा. टाइम लागतो, पण होतो." आणि हसता हसता थांबला. बायकोकडे बघितलं. "म्हणजे हिचा अलार्म खरंच वाजतोय?"

"दोन वर्षं वाजतोय."

"आणि मी पेढे वाटतोय," असं म्हणून त्याने बॉक्सचं झाकण लावलं.

वंदना मात्र एवढ्यावर ऐकणारी नव्हती. "आईंना हे नाही पटायचं. ऑपरेशन नाही, तर आजाराला नाव तरी द्या."

मागणी रास्त होती. मी लेटरहेडवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पोटाच्या नसांची अतिसंवेदना', आणि खाली शिक्का मारला. आपल्याकडे शिक्क्याचा गुण गोळीच्या आधी येतो. हलकं औषध दिलं, रोज चालायला सांगितलं, मला विचारल्याशिवाय नवी तपासणी करायची नाही म्हटलं. आणि दर पंधरा दिवसांनी यायचं.

"दुखत नसलं तरी?" संजय चक्रावला. "दुखत नसताना डॉक्टरकडे कोण जातं?"

"दुखल्यावरच यायचं म्हटलं, की यायला दुखावं लागतं. हिने तारखेला यायचं. पहिली तारीख येत्या सोमवारची."

दोघं एकमेकांकडे बघत गेली. ऑपरेशन रद्द करतो असं कुणीच म्हणालं नव्हतं.

सोमवारी माझं अर्धं लक्ष दाराकडे होतं. बारा वाजून गेले. मी आशा सोडली तेव्हा वंदना आली, आणि तिच्यामागून सासूबाई. म्हटलं, आता भांडण. म्हातारीने शिक्क्याचा कागद टेबलावर ठेवला, खुर्चीत बसली आणि सुनेला औषधं आणायला बाहेर पाठवलं. दार लागल्यावर हळूच म्हणाली, "मनं बी पोट दुखस, बाई. कोनी इचारंच नही."

मी त्यांनाही तपासलं. गरज होती तेवढ्याच टेस्ट केल्या.

वंदनाचं दुखणं पूर्ण गेलेलं नाही, पण ते आता तिच्या बोलण्यात शेवटी येतं, आणि पिशवी जागच्या जागी आहे. दोघी एकाच रिक्षाने, एकाच तारखेला येतात.

सासूबाईंचे रिपोर्ट घेऊन संजय आला तेव्हा हातात पेढ्यांचा बॉक्स नव्हता. तो खुर्चीच्या कडेवर बसला. "मॅडम, सगळं नॉर्मल आलंय. आता आईला काय सांगू?"

"आधी विचारा," मी म्हटलं, "आज दुखतंय का. रिपोर्ट त्याच्यानंतर सांगा."