झिऱ्याचं ना-हरकत पत्र

मला राग येतो तो आधी माझाच येतो. हे पहिल्यांदा लिहून टाकतो, नाहीतर म्हणाल, हा बाबा साऱ्या गावाला शिव्या घालतोय आणि स्वतः नामानिराळा. बीडला कोर्टासमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. आमच्या गावचा झिरा ज्या कागदानं गेला, तो कागद मी टाईप केला.

गाव घाटनांदूरकडचं, डोंगराच्या अंगाला. डोंगराच्या पोटातून पाणी यायचं, दगडी कुंडीत पडायचं, कुंडी भरली की ओढ्याला लागायचं. त्याला आम्ही झिरा म्हणतो. मे महिन्यात विहिरी कोरड्या पडायच्या तेव्हाही झिऱ्याची धार बोटाएवढी का होईना, चालू असायची. उन्हाळ्याच्या तोंडाला एक दिवस ठरवून घरटी एक माणूस झिरा उपसायला जायचा. गाळ काढायचा, कुंडी नारळाच्या काथ्यानं घासायची, वर चुना मारायचा. वडील त्या कामाचे मुकादम. त्यांना आम्ही बप्पा म्हणायचो, आणि नंतर नंतर सारं गावच म्हणायला लागलं.

बप्पाचा एक कायदा होता. पाण्याला न्हाई म्हणू ने. मेंढरं घेऊन धनगर आला, टॉवर उभारणारे आले, रस्त्याचं काम करणारे आले, कुणी का असेना, घ्या म्हणायचं. कुठून आलास, किती नेणार, हे विचारायचं नाही. लहानपणी मी एकदा एका टेम्पोवाल्याला "एवढे ड्रम कशाला?" असं विचारलं होतं, तर बप्पानं सगळ्यांदेखत माझ्या टाळक्यात टपली मारली होती.

असल्या गावाला लुटायला डोकं लागत नाही. नुसतं हात जोडून मागावं लागतं.

तो आला तोही हात जोडूनच. तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा मेहुणा. झिऱ्याच्या वरच्या अंगाचं माळरान त्यानं घेतलं होतं. बप्पाच्या पाया पडला, ओंजळीनं पाणी प्याला, अमृत हाय म्हणाला. नारायणगडाच्या यात्रेत आमची पाणपोई असते, म्हणाला. पाणपोई म्हटल्यावर आमचे बप्पा विरघळले. पाण्याचा प्लांट टाकायचा होता, त्याला गावाची हरकत नाही असा कागद हवा होता.

गावच्या बैठकीत एकच जण उठला, बँकेत कामाला असलेला एक शेतकऱ्याचा पोरगा. तो म्हणाला, "किती पाणी उपसनार ते लिहून घ्या. उन्हाळ्यात मोटार बंद ठिवायची आट घाला." शहाणं बोलला. त्याला गप्प केलं ते त्या मेहुण्यानं नाही, आमच्या बप्पानं. "पाण्याला आट घालायची आसती का बे? उद्या पावण्याला तांब्या देताना इचारशील, किती घोट पिनार म्हणून?" सगळी बैठक हसली. पोरगा खाली मान घालून बसला.

दुसऱ्या दिवशी बप्पाचा मला फोन. "एक कागद करून दे. लई लांबड लावू नको." माझ्या दुकानात साध्या भाडेकरारालाही मी अटी आणि शर्तीचं पान जोडतो. अनोळखी माणसाला बजावून सांगतो, काका, तोंडी काही ठेवू नका. आणि आपल्या गावच्या पाण्यासाठी मी चार ओळी खरडल्या, शेवटी "कोणतीही हरकत नाही" लिहिलं आणि गावाकडं जाणाऱ्या माणसाच्या हाती दिलं. बप्पाला कोण विचारणार, अट कुठंय म्हणून? टपली आठवत होती.

पहिल्या वर्षी काही झालं नाही. पत्र्याचं शेड झालं, निळे जार आणि बाटल्या आल्या, पिकअप गाड्या सुरू झाल्या. मग दुसरा बोअर घेतला, मग तिसरा. धारेची करंगळी झाली, करंगळीची सुतळी, मग नुसते थेंब. गेल्या उन्हाळ्यात कुंडीच्या तळाला फक्त ओल राहिली. आता गावातल्या बायका पिण्याला तेच जार घेतात. बाटलीवरचं चित्र बघा एकदा. झिरा आमचा, आणि मागं बर्फाचा डोंगर. बालाघाटात बर्फ पाडणाऱ्या त्या चित्रकाराला मे महिन्यात आमच्या माळावर अनवाणी उभा करायला पाहिजे.

मी अर्ज केले. अर्ज करणं हा माझा धंदाच आहे, त्यात कसर ठेवली नाही. ज्या ऑफिसात गेलो तिथं दुसऱ्या ऑफिसाचं नाव सांगितलं. एका साहेबानं शांतपणे विचारलं, "बोअरमुळेच झरा आटला याला पुरावा काय? पाऊस कमी झाला असेल." असं म्हणून टेबलावरची बाटली उघडली आणि घोट घेतला. बाटली आमच्याच झिऱ्याची. मला ती हिसकावून त्याच्या फाइलीवर ओतावीशी वाटली. ओतली नाही. पोचपावती घेतली आणि बाहेर आलो, कारण आपली जात अर्ज लिहिणाऱ्याची.

बप्पा दिवाळीनंतर आजारी पडले. अंबाजोगाईला दवाखान्यात होते. त्यांना तहान लागली म्हणून मी खालून बाटली आणली. त्यांनी ती हातात फिरवून बघितली. चित्र ओळखलं. "आपला हाय न्हवं का?" म्हणाले. मी हो म्हटलं. त्यांनी तोंड मिटून घेतलं ते उघडेनात. शेवटी नर्सनं नळाचं पाणी उकळून दिलं, ते प्याले. त्याच संध्याकाळी मला म्हणाले, "आखितीला माझी केळी झिऱ्याच्या पाण्यानं भरा. दुसऱ्या कशानं भरू नका." पुढं चार दिवसांनी गेले.

आखिती म्हणजे अक्षय तृतीया. आमच्याकडं त्या दिवशी मातीची केळी, म्हणजे छोटं मडकं, पाण्यानं भरून गेलेल्या माणसाच्या नावानं पुजतात. वर आंबा ठेवतात. उन्हाळ्यात तहानलेला जीव येतो, पाणी पितो आणि जातो. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाची पहिली केळी चुकवत नाहीत.

यंदा आखितीला मी गावी होतो. सकाळी उठलो तर माय घरात नाही. झिऱ्यावर गेलो. सत्तरी ओलांडलेली माझी माय कोरड्या कुंडीत उतरून बसली होती. तळाच्या एका फटीत पाणी पाझरत होतं, ते वाटीनं खरवडून कळशीत टाकत होती. पाणी कसलं, चिखल. एक वाटी भरली की पुढची साठेपर्यंत बसून राहायची.

मी म्हणालो, "माय, ऊठ. एक बाटली आणतो. पाणी ह्याच डोंगरातलं हाय."

"डोंगरातलं आसंल," माय म्हणाली, "पण त्येच्या हातचं हाय."

माझं डोकं फिरलं. तसाच वर प्लांटवर गेलो. वाटेत सगळ्या शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. आज अर्ज नाही, आज तोंडावर बोलायचं. मेहुणा ऑफिसातच होता. मी दार ढकललं आणि तिथंच थांबलो.

भिंतीवर बप्पाचा फोटो. प्लांटच्या उद्घाटनाला नारळ फोडताना काढलेला, आता त्याला चंदनाचा हार. फोटोखाली पाट, पाटावर केळी. हळदीकुंकू लावलेली, काठोकाठ भरलेली, वर आंबा. शेजारी उदबत्ती जळत होती.

"या, दादा," तो म्हणाला. "बप्पा आमालाबी वडलांच्या जागी. त्येंच्या नावानं भरलीय. फिल्टरचं न्हाई बरं का, सरळ बोअरचं. झिऱ्याचंच पाणी."

नाटक असतं तर बरं झालं असतं. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. ह्या माणसानं आमच्या बापाचा झिरा पिऊन टाकला आणि आमच्या बापाचं श्राद्धही मनापासून घातलं, आणि ह्या दोन्हीत त्याला काही वावगं दिसत नव्हतं. मला तो पाट लाथेनं उडवायचा होता. पण बापाच्या केळीला लाथ कशी मारायची? जुळवलेली एकही शिवी तोंडातून निघाली नाही. त्यानं एक जार पुढं केला, मायसाठी न्या म्हणाला. आमच्या घरात पाण्याला तोंडावर न्हाई म्हणणारा मी पहिला, आणि तेही घेताना.

घरी आलो तेव्हा माय परतली होती. जुन्या लुगड्याचं फडकं चौपदरी करून कळशीतलं पाणी गाळत होती. केळी अर्ध्यापर्यंत आली होती, पाणी अजून गढूळच होतं. "काय म्हणला त्यो?" तिनं विचारलं. सांगायला नको होतं, पण रागाच्या भरात सगळं सांगून बसलो. फोटो, हार, पाट, आंबा.

मायचा हात थांबला नाही. "भरून ठिवलीय का तिथं?"

"हो. काठोकाठ."

"झिऱ्याच्याच पाण्यानं?"

"हो."

तिनं फडकं पिळलं, शेवटचे थेंब केळीत पाडले आणि वाकून आत बघितलं.

"मंग त्येंनी आपल्याकडं कशाला यावं?" म्हणाली.