सत्यशीलाताईची बाहेर कललेली वाट

सत्यशीलाताईनं टेकडी सोलारवाल्याला विकली, ही आवई पालमच्या एसटी स्टँडवरून निघाली आणि गावात पोचेस्तोवर ताईच्या पत्र्याच्या घरावर स्लॅबही पडला. पुरावा काय, तर गायरानाच्या टेकडीवर बाभळींना बांधलेल्या लाल चिंध्या.

चिंध्या तिच्याच जुन्या परकराच्या होत्या. सायकलच्या वाटेची ती खूण.

फाट्यावर तिचं पंक्चरचं दुकान. रविवारी नांदेडकडून जाड टायरच्या सायकली यायच्या. एका पोरीनं तिला आपली सायकल एकदा चालवून बघायला दिली, आणि टेकडी उतरून आलेली ताई त्यानंतर स्टुलावर धड बसलीच नाही. ट्यूब पाण्यात बुडवायची, उठायची, टेकडी बघायची, बसायची, परत उठायची.

"बाई, बूड टेक की जरा," शेजारच्या चहाच्या टपरीवरून मालनबाई.

"टेकलं की टोचायलंय, काकू."

टेकडीवर सायकलची वाट करायची परवानगी सरपंच भगवानरावांनी दिली ती आधी दोनदा खाकरून. "वाट कर. पर पावसानं नाली पडली, तर वाट बंद. गुरायची जागा हाय ती."

ताईनं हिवाळाभर वाट खोदली, आणि बाहेरच्या कडेला मातीचा सुरेख बांध घातला. कोरडवाहू गावचा हात तो! पाणी दिसलं की अडवायचं, एवढंच त्याला ठाऊक. येणारेजाणारे वाहवा करून गेले. आषाढात पाणी बांधाला अडलं, बाहेर पडायला जागा मिळेना, मग वाटेवरूनच धावत सुटलं. वळणावर घोट्याएवढी नाली.

भगवानरावांनी नालीत काठी घातली. "सत्यशीला, ही वाट हाय का कालवा? आणिक एकदा बघतो. मग बंद."

त्या दिवसापासून आभाळ भरलं, की लोक घरात आणि ताई पोत्याची खोळ घेऊन टेकडीवर. पाणी कुठून येतं, कुठं घुटमळतं, बघत उकिडवी बसायची. मग एका सकाळी तिनं कुदळ घेतली आणि आपलाच बांध फोडायला लागली.

मालनबाई चहा टाकून धावल्या. "अगं बांध फोडायलीस? लोकं बांधापायी डोकी फोडतेत!"

"शेतात पाणी घरचं, काकू. हितं पाव्हणं. आलं की उतरून गेलं पायजे."

तिनं नालीत मुरूम ठोकला, सगळी वाट दरीकडं किंचित कलती केली, वळणाच्या वर दगड लावून पाण्याला बाजूला पडायला उथळ सांडवा काढला.

फाट्यावर सगळ्यांच्या नकला करणारी मी. दुकानात उभी राहून भगवानरावांसारखी दोनदा खाकरले, "पोळ्याच्या आत वाहून जाती बघ ही वाट!"

ताई हसली नाही. "लाव पैज. हरलीस तर दगडं वाहायची. आन् तोंड बंद. कुणाची नक्कल न्हाई."

लावली.

पोळ्याच्या आधीच एका दुपारी आभाळ फाटलं. ताई थांबते कशाची! पाऊस उघडायच्या आत ती वर, मागून मी, आणि सगळ्यात मागं छत्री सांभाळत भगवानराव. वाटेवर आलेलं पाणी आडवं होऊन दरीत उतरत होतं. वळणावर त्यांनी काठी टोचली. आत जाईना. परत टोचली. मग दोनदा खाकरले. "ऱ्हाऊ दे. वाट ऱ्हाऊ दे."

ते दुसरं खाकरणं असं काही नाकातून फुटलं, की मला ते जागच्या जागी हुबेहूब काढता आलं असतं. पण ताईचं बोट केव्हाच पुढच्या वळणाकडं गेलं होतं, आणि माझ्या डोक्यावर पैजेच्या दगडांची पाटी.

"बोल की," ताई म्हणाली.